सांगून मोडणारा बीम

‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वाक्य आपल्याकडे कौतुकानं म्हटलं जातं. शाळेच्या फळ्यावर, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर ते दिसतं. मी सांगलीत सिव्हिल इंजिनिअरिंग करत होतो तेव्हा तिसऱ्या वर्षी, आरसीसी डिझाइनच्या तासाला लक्षात आलं, की हे वाक्य एखाद्या बीमनं म्हटलं तर त्याला कुठल्याच इमारतीत जागा मिळणार नाही. आयएस ४५६ हे काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक. त्या पुस्तकाला वाकणारा बीम हवा असतो. भेगा दाखवेल, पोट खाली सोडेल, बघणाऱ्याला ‘आता इथून निघा’ असं कळेल इतका वेळ देईल, आणि मोडायचंच असेल तर त्यानंतर मोडेल, असा.

गंमत म्हणजे त्यासाठी हे पुस्तक बीमची ताकद थोडी सोडून द्यायलाही तयार असतं. बीमवर वजन आलं की त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब चांगला सोसतं, ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. म्हणून खालच्या बाजूला सळया घालतात. आता साधा हिशोब असा वाटतो, की जितकं लोखंड जास्त तितका बीम भक्कम. ते एका मर्यादेपर्यंत खरंही आहे. पण लोखंड त्या मर्यादेपलीकडे गेलं की सळई ताणली जायच्या आतच वरचं काँक्रीट चिरडतं. ना भेगा वाढताना दिसतात, ना बीम लोंबतो. एक आवाज होतो आणि सगळं खाली. म्हणून मानक सांगतं की वरचा दाबला जाणारा पट्टा बीमच्या खोलीच्या ठराविक हिश्शापेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही. नेहमीच्या ४१५ ग्रेडच्या सळईसाठी ०.४८ पट. थोडक्यात, काँक्रीट चिरडण्याआधी सळई ताणली गेलीच पाहिजे.

आमच्या सरांनी हे समीकरण म्हणून शिकवलं, आम्हीही समीकरण म्हणूनच पाठ केलं. पण हे समीकरण नाही. हा एक नैतिक निर्णय आहे, आणि तो कुणीतरी आपल्या सगळ्यांच्या वतीनं घेऊन टाकलेला आहे. न सांगता मोडणाऱ्या ताकदवान वस्तूपेक्षा सांगून मोडणारी थोडी कमी ताकदीची वस्तू बरी, असा. का बरी? कारण खाली माणसं आहेत. नुसती वस्तूच वाचवायची असती तर हा नियम लागला नसता.

या गुणाला मराठीत तन्यता म्हणतात. रोजच्या बोलण्यात आपण तिला लवचिकता म्हणून मोकळे होतो, आणि तिथंच घोळ होतो. लवचिक वस्तू वाकते आणि परत येते. पुरात लवून पाणी ओसरल्यावर उभं राहणारं लव्हाळं लवचिक. तन्य वस्तू वाकते आणि परत येत नाही. ताणली गेलेली सळई कायमची लांब होते, बीम कायमचा लोंबतो. तन्यता म्हणजे टिकून राहणं नव्हे. स्वतःचं कायमचं नुकसान करून घेऊन दुसऱ्याला वेळ मिळवून देणं म्हणजे तन्यता. हा फरक पुढं लागणार आहे.

पदवीनंतर मी आमच्या अर्ध्या बॅचसारखाच पुण्यात येऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरलो. आता माझं काम म्हणजे पैशांचे व्यवहार करणाऱ्या एका सिस्टिमवर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टिमवर लक्ष ठेवणं. (हे वाक्य आईला समजावून सांगायला मला दोन वर्षं लागली.) तिथंही प्रश्न तोच आहे. सर्व्हर पडतो याचं फारसं दुःख नसतं. तो न सांगता पडला, किंवा पडूनही ‘सगळं ठीक’ म्हणत राहिला, याचं असतं. पण स्क्रीनवर काही पडलं तर कुणाच्या डोक्यात पडत नाही, त्यामुळे ती तुलना मी इथं ताणत नाही.

बीमकडेच येऊ. जुन्या इमारती, जुने पूल पाडणं परवडत नाही तेव्हा त्यांना आधार द्यावा लागतो. गेल्या तीसेक वर्षांत त्यासाठी सगळ्यात लाडकं झालेलं साहित्य म्हणजे तंतूंचं कंपोझिट. कार्बनचे किंवा काचेचे धागे इपॉक्सीत बसवलेली पट्टी किंवा कापड, बीमच्या पोटाला चिकटवायचं. कार्बनची पट्टी स्टीलच्या पाचव्या हिश्शाइतक्या वजनाची असते आणि ताण मात्र साध्या सळईच्या चार-पाचपट घेते. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळ ईबाख नावाचा पूल आहे. वाहतुकीच्या सिग्नलसाठी भोकं पाडताना त्याच्या पोटातल्या ताणलेल्या तारा दुखावल्या गेल्या. १९९१ मध्ये तो कार्बनच्या पट्ट्या चिकटवून दुरुस्त झाला. ज्या कामाला १७५ किलो स्टील लागलं असतं ते ६.२ किलो पट्ट्यांत भागलं. दोन माणसं खांद्यावरून घेऊन जातील एवढ्या सामानात एक पूल सावरला.

इथं सगळं छान आहे. अडचण अशी की कार्बनला वाकून दाखवणं जमत नाही. चांगली सळई आपल्या लांबीच्या दहा टक्क्यांहून जास्त ताणली गेल्यावर तुटते. कार्बनची पट्टी दीड टक्क्याच्या आसपास तुटते, आणि तोवर तिच्या वागण्यात काही फरक पडत नाही. भार वाढेल तसा ताण सरळ रेषेत वाढत जातो आणि मग एकदम शून्य. बहुतेक वेळा तर ती तुटायच्याही आधी सुटते. टोकाकडून किंवा मधल्या एखाद्या भेगेपाशी चिकटलेली जागा उकलते आणि पट्टी काँक्रीटचा पातळ थर घेऊन गळून पडते.

कॉलेजच्या लॅबमध्ये हे मी पाहिलंय. वर्गातल्या एका गटाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. काही बीम साधे, काही काचतंतूचं कापड चिकटवलेले. भेगा दिसाव्यात म्हणून बीमला चुन्याची सफेदी करतात. लोडिंग फ्रेमवर बीम चढवला, जॅकनं भार वाढवत नेला, की भेग उगवते. मग एकजण मार्कर घेऊन वाकतो, भेगेच्या बाजूनं रेघ ओढतो आणि त्या क्षणीचा भार तिथं लिहितो. साधा बीम मोडायला इतका वेळ लागला, की मधे दोघंजण चहा पिऊन आले. शेवटी तो इतका लोंबला होता, की मोडला तेव्हा कुणी दचकलंही नाही. कापड लावलेल्या बीमनं भार बराच जास्त घेतला. सगळे खूश. भेगा मात्र फारशा दिसल्या नाहीत, कारण कापडानंच त्या झाकल्या होत्या. मग जोरात टाळी वाजावी तसा आवाज आला आणि कापड लोंबायला लागलं. मार्करवाल्याचा हात बीमपासून फूटभर होता. अहवालात ‘भारक्षमतेत लक्षणीय वाढ’ असं आलं आणि तन्यता निर्देशांक, म्हणजे मोडतानाचा झोल भागिले सळई ताणायला लागतानाचा झोल, हा घसरलेला आकडा एका तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात गेला. त्यात लबाडी नव्हती. आपण ताकद विकत घ्यायला जातो, आणि इशारा किती गेला हे बिलावर लिहिलेलं नसतं.

संशोधक या दुखण्यावर बरीच वर्षं काम करतायत, आणि त्यांनी काढलेले उपाय मला आवडतात, कारण प्रत्येकात हरवलेला इशारा परत आणायची धडपड आहे. एक म्हणजे एकाच कापडात कार्बन आणि काच दोन्ही विणायचे. कार्बन आधी तुटतो, काच जास्त ताणली जाऊ शकते म्हणून भार तिच्यावर जातो, आणि पहिली तुटण्याची खबर बाहेर पोचते. दुसरा, पट्टीच्या टोकांना आणि मधे ठराविक अंतरावर इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या पट्ट्यांनी बीमला कवळ घालायची, म्हणजे मुख्य पट्टी एकदम उकलत नाही. तिसरा काँक्रीटच्याच आत. मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी १९९० च्या दशकात असं सिमेंटचं मिश्रण तयार केलं, ज्यात साधारण दोन टक्के बारीक तंतू असतात. साधं काँक्रीट ताणलं की टक्क्याच्या शंभराव्या भागाला तडकतं. हे तीन ते पाच टक्के ताणलं जातं. त्यात एक मोठी भेग पडत नाही, केसाइतक्या शेकडो पडतात. आपली आजी मातीच्या गिलाव्यात पेंढा आणि भुसा मिसळायची तेव्हा याच घराण्याची विद्या वापरत होती, फक्त तिनं पेपर छापला नाही.

अमेरिकेतल्या काँक्रीट संस्थेच्या, एसीआयच्या, कंपोझिटविषयीच्या मार्गदर्शिकेत एक अट आहे. चिकटवलेली पट्टी उद्या पूर्णपणे निकामी झाली, आगीत इपॉक्सी मऊ पडलं, कुणी खरवडून काढली, तरी मूळ बीमनं स्वतःच्या बळावर कायमच्या वजनाच्या १.१ पट आणि वापराच्या वजनाच्या ०.७५ पट भार पेलला पाहिजे. पेलत नसेल तर पट्टी लावून त्याला भक्कम म्हणायचं नाही. मला ही अट वाचून फार बरं वाटलं होतं. आधार घ्या, पण आधार गेला की कोसळेल इतका घेऊ नका.

आता सातारा-सांगलीकडे. इथल्या माणसाला इशाऱ्याबद्दल पुस्तकातून शिकायची गरज नाही.

कोयनेच्या धरणात १९६२ पासून पाणी साठायला लागलं आणि थोड्याच दिवसांत परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. त्याआधी दख्खनचं पठार म्हणजे हलणारच नाही असा खडक, असं मानलं जायचं. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचच्या वर तीव्रतेचा धक्का बसला. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धरण १०३ मीटर उंच. त्याचं डिझाइन गुरुत्वाकर्षणाच्या शेकडा पाच इतका आडवा धक्का धरून केलेलं होतं. प्रत्यक्षात यंत्रावर जो नोंदला गेला तो त्याच्या जवळपास दहापट. जिथं भिंतीचा उतार बदलतो त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं. नंतर त्याला मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकट केलं. २००२ च्या भूकंप नकाशात हा परिसर चौथ्या झोनमध्ये आहे.

त्या पहाटेची यंत्रनोंद जगभर वापरली जाते. अबॅकस नावाचं बांधकामांचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या मॅन्युअलमधल्या उदाहरणांत कोयना धरण आहे. भेगाळणारं काँक्रीट कॉम्प्युटरवर कसं दाखवायचं, हे जगातले विद्यार्थी पाटण तालुक्यातल्या त्या दहा सेकंदांवरून शिकतात. मीही शिकलो. माझी आजी पाटणची. तिच्याकडे त्या पहाटेची एकच आठवण होती, की गोठ्यातली जनावरं आदल्या रात्री उठबस करत होती. खरं असेल-नसेल. भूकंप झाल्यावर प्रत्येकालाच आदल्या रात्रीचं काहीतरी आठवतं.

पण पाच वर्षं जमीन जे सांगत होती, ते इशारा होतं का? यंत्रं नोंदी घेत होती, शास्त्रज्ञ अभ्यास करत होते. पाटणच्या शेतकऱ्यानं मात्र करायचं काय होतं? दगडमातीचं घर सोडून जायचं कुठं? धक्क्यांची सवय झाली होती. इशारा रोजचा झाला की तो आवाज होऊन जातो.

सांगलीत हीच गोष्ट पाण्यानं सांगितली. १९२९ चा आयर्विन पूल, त्याच्यावरची कृष्णेच्या पातळीची खूण. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पावसाळ्यात सांगलीच्या माणसाच्या फोनवर दिवसभर हेच आकडे फिरत असतात. ४० ते ४५ हे पाच फूट म्हणजे शहराला मिळालेली तन्यता: सामान वर चढवा, जनावरं हलवा, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे पाठवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा होता, वेळही होता. पण खूपजणांचा हिशोब २००५ च्या पुराचा होता: तेव्हा पाणी इथवर आलं होतं, म्हणजे आताही इथवरच येईल. ज्यांच्याकडे जायला दुसरं घर होतं ते गेले. ज्यांच्याकडे दुभती जनावरं होती आणि जायला जागा नव्हती, ते थांबले.

म्हणजे आयएस ४५६ आपलं काम करतं, पण अर्धंच. इशारा दिसावा आणि वेळ मिळावा एवढं ते बघतं. तो वाचणारं कुणी आहे का, वाचलं तर त्याला जायला जागा आहे का, हे कुठल्याच मानकात नाही. तिथून पुढं तो आपला प्रश्न होतो.

माझ्यापुरता तो गेल्या वर्षी झाला. कराडला काकांची दोन मजली इमारत आहे. १९९४ चा स्लॅब. काका वरच्या मजल्यावर राहतात, खाली एक कुटुंब भाड्यानं राहतं. नवरा दुकानात कामाला, बायको शिवणकाम करते, मुलगी नववीत. त्यांच्या स्वयंपाकघरावरच्या बीमला मधोमध भेग होती. मधल्या काळात काकांनी वर विटांची एक भिंत वाढवली होती, न्हाणीघराचं पाणी वर्षानुवर्षं झिरपून सळईला गंज लागला होता. कन्सल्टंट आले, हातोड्याची टेस्ट केली, थोडं काँक्रीट फोडून सळई बघितली आणि उपाय सांगितला: वरची भिंत काढा, गळती थांबवा, गंजलेला भाग साफ करून भरा आणि मग पोटाला कार्बनची पट्टी. गंज तसाच ठेवून वरून कार्बन चिकटवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं, असं ते म्हणाले. मला माणूस पटला.

काकांना पट्टी पटली, भिंत काढणं पटलं नाही. पण खरा वाद वेगळाच झाला. खालच्यांना काय सांगायचं?

काका म्हणाले, “काय सांगायची गरज? गळतीचं काम आहे म्हणायचं. पट्टी लागली, वर प्लास्टर झालं, रंग झाला, विषय संपला.”

मी म्हटलं, त्यांच्या डोक्यावरचा बीम आहे, त्यांना कळलं पाहिजे.

“कळून काय करतील? आज कराडात या भाड्यात दुसरी खोली मिळतीय का? जाणार कुठंच नाहीत, नुसती झोप उडंल त्यांची. ज्याच्यावर इलाज नाही ते सांगून तू पुण्याला निघून जाणार.”

हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही, अजूनही नेत नाही. इशारा देणं म्हणजे नेहमीच उपकार नसतो. ज्याला दार नाही त्याला ‘आग लागलीय’ म्हणून सांगणं यात क्रूरपणा आहे. सांगणाऱ्याचं मन मात्र हलकं होतं, आणि तेवढ्यासाठीच सांगणारे खूप असतात. डॉक्टर, बँका, मोबाइल ॲप, सगळे हल्ली आपल्याला सगळं सांगतात. बारीक अक्षरात सही घेऊन सांगतात. ते सांगणं आपल्यासाठी नसतं, त्यांच्या बचावासाठी असतं.

तरी मला काकांचं पटलं नाही, आणि का ते नीट मांडायला मला काही दिवस लागले. ‘त्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही’ हे ठरवलं कोणी? काकांनी. मार्ग नेहमी घर सोडण्याचाच असतो असं नाही. शिलाई मशीन त्या बीमखालून हलवता येतं. मुलीचं अंथरूण दुसऱ्या खोलीत टाकता येतं. भेग वाढतेय का ते रोज बघता येतं. मुदतीत काम झालं नाही तर भाडं थांबवता येतं. हे सगळे पर्याय न सांगितल्यानं आधी आपण बंद करतो आणि मग म्हणतो, बघा, त्यांच्याकडे पर्यायच नाही. झोप उडण्याचं म्हणाल, तर कुणाची झोप किती किमतीची हेही ज्याची त्यानं ठरवावं. बीम कुणाच्या मालकीचा हा सातबाऱ्याचा, उताऱ्याचा प्रश्न झाला. बीमचा इशारा मात्र जो खाली झोपतो त्याचा आहे. प्लास्टर करून भेग बुजवणं म्हणजे त्याच्या नावानं आलेलं पत्र आपण फोडून, वाचून, खिशात घालण्यासारखं आहे.

काका ‘तुला जे वाटतं ते कर’ म्हणाले, म्हणजे रागावले. मी खाली जाऊन सांगितलं. ताईंनी शिवण थांबवून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दादा, ते आम्हाला दिवाळीपासनं माहिताय. स्वयंपाकघराचं दार लागंना झालं, तवाच कळलं. ह्यांनी दाराला दोनदा रंधा मारला.”

बीम चौकटीवर टेकला होता. जो झोल मोजायला कन्सल्टंटनं दोरी आणि टेप वापरली, तो त्यांच्या दारानं आधीच मोजला होता.

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर मालक म्हणाले असते, खोली खाली करा.”

मी जे काही नीट मांडून आणलं होतं, त्यात ही शक्यताच नव्हती. वरचे खालच्यांपासून लपवत होते आणि खालचे वरच्यांपासून. बीमनं प्रामाणिकपणे सहा महिने आधी सांगितलं होतं, सांगायचं त्यालाच सांगितलं होतं, आणि तरी तो निरोप एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पोचला नव्हता. कारण सांगण्याची किंमत सांगणाऱ्यालाच मोजावी लागणार होती. साइटवरही हेच असतं. काँक्रीट पोकळ राहिलंय हे सेंट्रिंग काढणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतं. भूकंपासाठीच्या डिझाइनचं आयएस १३९२० हे मानक १९९३ चं, किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षीचं. त्यात रिंगेचं टोक १३५ अंशात आत वळवायला सांगितलंय, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही. ते ९० अंशातच सोडलंय हे फिटरला माहीत असतं, त्यानंच वाकवलेलं असतं. तो बोलत नाही, कारण उद्याची हजेरी मुकादमाच्या हातात असते.

आणि इथं मला सुरुवातीचा तो फरक परत आठवतो. तन्य वस्तूचा वाक परत येत नाही. बीमनं वाकून आपल्याला वेळ द्यावा अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही, कारण बीमला दुखत नाही. पण आपण हीच अपेक्षा माणसांकडून ठेवतो. दाराला दोनदा रंधा मारून घेणारं कुटुंब आपल्या हिशोबात ‘समजूतदार भाडेकरू’ असतं. त्यांच्या सोसण्यावर इमारत उभी राहते आणि श्रेय काँक्रीटला मिळतं. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वाक्य मी वर बीमच्या तोंडी हास्यास्पद ठरवलं, ते माणसाच्या तोंडी अजिबात हास्यास्पद नाही. सतत वाकवल्या गेलेल्या माणसानं ते म्हटलं असेल, तर मी त्याला मानकं दाखवायला जाणार नाही.

काम मार्चमध्ये सुरू झालं. वरची भिंत काढली. त्यासाठी काकूंनी काकांना कसं पटवलं ते मला सांगितलेलं नाही. खाली आठवडाभर लोखंडी टेकू होते. सळई घासून साफ झाली, नवीन मॉर्टर भरलं, मग पोटाला कार्बनची काळी पट्टी आणि बाजूनं यू-पट्ट्या. मी एकच मागणी केली होती आणि कन्सल्टंटनाही तेच हवं होतं: पूर्ण बीम गुंडाळायचा नाही. दोन यू-पट्ट्यांमध्ये फूट-दीड फूट काँक्रीट उघडं ठेवलंय, त्यावर प्लास्टर नाही, पीओपी नाही, चुन्याची सफेदी आहे. जुन्या भेगेचं टोक जिथं दिसतं तिथं आडवी काचेची छोटी पट्टी चिकटवलीय. भेग हलली की काच तडकते. पाच रुपयांचं काम. नववीतल्या मुलीनं शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली आहे आणि दर महिन्याला लिहिते. काकांना ते भिंत खराब केल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट राहिली. अकरा महिन्यांचा भाडेकरार सप्टेंबरमध्ये नव्यानं झाला. इमारतीत काही बिघाड दिसला आणि भाडेकरूनं तो कळवला, तर त्या कारणावरून जागा रिकामी करायला सांगता येणार नाही, असं एक कलम मी त्यात घालायला सुचवलं होतं. काका म्हणाले, आपल्यात असलं कागदावर कशाला हवं. ताई म्हणाल्या, राहू द्या दादा. करार जुन्याच मजकुराचा झाला. पुढचा ऑगस्टमध्ये आहे.